गोठ्याच्या दारातला विळा

१४ एप्रिल, रात्री साडेदहा

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक आत्ताच विहारापाशी पोचली. फटाके होते म्हणून आम्ही पाच जण पाण्याचा टँकर घेऊन चौकात उभे होतो. सकाळी तू फोनवर तुमच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजातल्या, आजच्या अग्निशमन सेवा दिनाच्या परेडचं सांगितलंस, तेव्हापासून मन तिकडंच आहे. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, एवढं मला माहीत होतं. पण त्या जहाजात स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठी होत्या, हे तुझ्याकडून कळलं. कापसाची आग आपल्या भागाला चांगली ठाऊक आहे बेटा. वरून विझल्यासारखी दिसते आणि गाठीच्या पोटात धुमसत राहते. अशा आगीवर ती माणसं पाणी मारत उभी होती.

आपल्या गावचं आग विझवायचं पथक कसं सुरू झालं, असं तू विचारलंस. मला फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तू तीन वर्षांची होतीस. नवतपा, म्हणजे मे-अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू होता, दुपारची वेळ. कोणीतरी धुऱ्यावरचा कचरा पेटवला होता, वाऱ्यानं ठिणगी आपल्या कुटारावर, सुक्या वैरणीच्या ढिगावर, आली आणि कुटारावरून गोठ्यावर. मी शेतात होतो. मारुतीच्या देवळातली घंटा ऐकली आणि धूर आपल्या घराच्या बाजूला दिसला. पोचलो तर सगळं गाव बादल्या घेऊन धावत होतं. लाइन गेलेली, विहिरीवरची मोटर बंद. मोरा आणि चांद्या, आपली बैलजोडी, दोघंही दाव्याला बांधलेले होते. ज्याला त्याला पाणी आणायची घाई, दावं कापायचं कोणाला सुचलं नाही. मी आत शिरायला बघितलं, तुझ्या काकानं मला मागून धरून ठेवलं. त्या जोडीचा आवाज मी तुझ्या आईलाही कधी सांगितला नाही.

तालुक्याचा बंब पाऊण तासानं आला. त्या पोरांचा काही दोष नव्हता, अंतरच तेवढं. दोन तास राबून त्यांनी शेजारची चार घरं वाचवली.

पुढच्या ग्रामसभेत मी तावातावानं विचारलं, गावाला बंब का नाही? तेव्हाच्या ग्रामसेवकानं घटनेचं पुस्तकच आणून दाखवलं. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आहे, पण ती नगरपालिकांच्या कामांत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत आग नाही. मी ती यादी दोनदा वाचली. कुटार, पऱ्हाटी, तुराट्या, गवताची छपरं, चुली, सगळं गावात. आणि आग मात्र यादीत नाही! हे मला आजही पटत नाही. तू पुढं मोठी अधिकारी झालीस तर हे कुठंतरी मांड.

मग आम्ही गावात काय आहे ते बघितलं. संत्र्याच्या बागांना फवारणी करायचे एचटीपी, म्हणजे जोरात पाणी फेकणारे, पंप आठ जणांकडे होते. ट्रॅक्टरचे पाण्याचे टँकर तीन. ठरलं ते एवढंच, की फेब्रुवारी ते जून एक टँकर कायम भरलेला ठेवायचा आणि त्याच्या पंपात औषधाचा थेंब राहू द्यायचा नाही. शाळेच्या भिंतीवर १०१ आणि लाइनमनचा नंबर रंगवला, पुढं ११२ पण. डीपीवरून लाइन बंद झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही, हे पोरांच्या अंगवळणी पडायला दोन वर्षं गेली. कुटाराचा ढीग विझला तरी तो उपसून, पसरून भिजवायचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी परत पेटतो. आणि प्रत्येक गोठ्याच्या दारात, बाहेरून हात पोचेल असा एक विळा टांगायचा. आधी दावी कापायची, मग पाणी. सुटलेलं जनावर उलटं आत पळतं, म्हणून एकानं त्याला दूर नेऊन बांधायचं.

तेव्हापासून आपल्या गावात दाव्याला बांधलेलं एकही जनावर जळालं नाही.

बाकी कामं पावसाळ्यात. रस्त्यावर पडलेलं झाड, नाल्याच्या पुरात अडकलेला ट्रॅक्टर, विहिरीत पडलेली गाय. विहिरीची मात्र मला फार भीती वाटते. गाळ काढायला उतरलेला माणूस गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही वर येत नाहीत. आम्ही कडुलिंबाचे डहाळे दोरानं वरखाली करून हवा खेळवतो, पण तेवढं पुरतं का? तिथं पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून धुरात जायला शिकवतात म्हणालीस. सरांना विहिरीचं नीट विचार आणि मला लिही.

आजी अजून कुरकुरते. "पोरीले आगीत धाडून तुह्या जिवाले बरं वाटते काय रे?" म्हणते. मी तिला सांगितलं, १९५७ पासून नागपुरात असलेल्या या कॉलेजात २००२ साली पहिली मुलगी गेली ती आपल्या नागपूरचीच, हर्षिनी कान्हेकर. आजी गप्प बसली. संध्याकाळी बघतो तर तुझ्यासाठी चारोळीचे दाणे निवडत होती.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर नवतपा लागायच्या आधी ये. पोरांना होज कसा गुंडाळायचा ते दाखव, आमचा नेहमी पीळ पडतो. आणि ६३ मिलीमीटरच्या कपलिंगची रबरी वायसरं चार घेऊन ये, इथं मापाची मिळत नाहीत. जुनं वायसर मापाला म्हणून पाकिटात घातलंय.

तुझे,
बाबा