सावर्ड्याला ठेवायची डिस्क

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी विचारलं, "पेटीत अजून निम्मी जागा रिकामी आहे, मग ही नवी हार्ड डिस्क कशाला पाठवलीस?" घाईत मी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहिते आहे. ही डिस्क जागा वाढवायला पाठवलेली नाही. ती घराबाहेर ठेवायची आहे.

बाबा, घरचे सगळे फोटो नि फाइली ठेवणाऱ्या आपल्या सिनॉलॉजीच्या पेटीत दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर तेच लिहिलं जातं. त्यातली एक बिघडली तरी दुसरी काम चालू ठेवते. पण काही संकटं दोघींवर मिळूनच येतात. डिसेंबरात आईच्या हातून 'गणपती २०१६'चं फोल्डर उडालं तेव्हा ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेलं. रिसायकल बिन चालू होती म्हणून परत मिळालं. वीज कडाडून पेटीच जळाली, कुणी उचलून नेली किंवा पाणी आलं, तर दोन्ही एकदम जातील.

पाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार! २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा मी पुण्यात नुसती फोन लावत बसले होते. चौथ्या दिवशी घरी पोचले. आई ओले अल्बम उलगडून वर्तमानपत्रावर वाळवत होतीस, आणि पान सोडवायला गेलं की चेहऱ्यासकट रंग निघून येत होता. तुमच्या लग्नाचे जेमतेम अकरा फोटो वाचले. त्यानंतर बाबांनी नातेवाइकांकडून मागून आणून एकेक फोटो स्कॅन केला, आजीच्या कॅसेटी उतरवून घेतल्या. ते सगळं आज पुन्हा त्याच घरात, त्याच तळमजल्यावर आहे. पाऊस लागला की मला झोप येत नाही ती त्यामुळे.

आता जोडायचं कसं ते सांगते. ही छोटी, अडीच इंची डिस्क आहे. तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही, वीज यूएसबीतूनच मिळते. सोबतची केबल पेटीच्या मागच्या, आतून निळ्या असलेल्या खाचेत लावा. मिनिटभरात फाइल स्टेशनमध्ये, म्हणजे पेटीतल्या फाइली दिसतात तिथे, 'यूएसबीशेअर१' नावाचं फोल्डर दिसेल. जागा ४ ऐवजी ३.६ टीबी दिसली तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि पेटी १०२४च्या, तेवढाच तो फरक.

एक गोष्ट मात्र अगदी लक्षात ठेवा. डिस्क मी पेटीला सोयीच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करून पाठवली आहे. विंडोजला ती भाषा वाचता येत नाही. चुकून लॅपटॉपला लावलीत तर "फॉरमॅट करायचं का?" असं तो विचारेल. तेव्हा 'नाही' म्हणून केबल काढून घ्यायची. 'हो' म्हटलं तर सगळं पुसलं जाईल.

हायपर बॅकअप, म्हणजे पेटीतल्या साठ्याची प्रत डिस्कवर काढणारं अ‍ॅप, त्यातलं काम शनिवारी मी इथून लावून देईन. आपला साठा साधारण १.४ टीबी आहे, त्यामुळे पहिल्या वेळी रात्रभर चालू द्यावं लागेल. पुढे फक्त नवं आणि बदललेलं तेवढंच जातं, ते लवकर उरकतं. शिवाय जुन्या आवृत्त्याही राहतात, म्हणजे आज उडालेलं फोल्डर महिन्याभराने लक्षात आलं तरी काढता येतं. डिस्क घराबाहेर राहणार म्हणून तिला पासवर्ड घालते आहे. तो हरवला तर कंपनीलासुद्धा उघडता येणार नाही. एक कागद तुमच्या लॉकरमध्ये ठेवा, एक माझ्याकडे असेल.

काम संपलं की डिस्क आपोआप 'इजेक्ट' होईल, म्हणजे पेटी तिला सुरक्षितपणे सोडेल, अशी सोय करते. फाइल स्टेशनच्या यादीतून तिचं नाव गेलेलं दिसल्यावरच केबल काढा. मध्येच ओढली तर अर्धवट लिहिलेलं बिघडतं. चालू असताना ती उचलू किंवा हलवूही नका, आत चकती फिरत असते.

आणि मग ती आत्याकडे सावर्ड्याला जाऊ दे. बाबा महिन्यातून एकदा तिकडे जातातच. येताना डिस्क आणायची, रात्री लावायची, पुढच्या खेपेला परत न्यायची. मे अखेरची खेप मात्र चुकवू नका. आई, तुझा पापडाचा घट्ट झाकणाचा डबा तिला दे, आणि मी पाठवलेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाक. कोकणातल्या दमट हवेत नुसती कपाटात ठेवलेली मला चालणार नाही.

पहिला बॅकअप झाल्यावर एक काम दोघांनी मिळून करायचं आहे. हायपर बॅकअपमधलं, काढलेली प्रत उघडून दाखवणारं बॅकअप एक्सप्लोरर उघडून त्यातून आजीच्या हादग्याच्या गाण्यांची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि शेवटपर्यंत ऐका. मध्येच ती थांबून "कोण आलंय बघ गं" म्हणते, ते ऐकू आलं की मला फोन करा. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुमची,
ताई