बरणीतलं उरलेलं मेयोनीज

प्रिय शलाका,

सप्रेम नमस्कार.

सॅलडसाठी दोन चमचे घेतले आणि आता उरलेल्या अख्ख्या बरणीचं काय करायचं, हा तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला घेतलं. मेयोनीज हे ‘लावून खायचं’ एवढंच आपल्या डोक्यात असतं, म्हणून ते फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकतं आणि शेवटी फेकलं जातं. खरं तर ते जागचं न हलणारं तेल आहे. एवढं लक्षात ठेवलंस तर ते कुठे वापरायचं आणि कुठे मुळीच नाही, हे तुझं तुलाच कळेल.

आधी बरणीत काय असतं ते बघ. थोड्याशा व्हिनेगर-पाण्यात तेलाचे अतिशय बारीक थेंब दाटीवाटीने बसवलेले असतात. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक थेंबाभोवती अंड्याच्या बलकातल्या प्रथिनांचं आणि लेसिथिनचं पातळ आवरण असतं. थेंबांना हलायला जागाच उरत नाही, म्हणून पातळ तेल आणि पातळ व्हिनेगर मिळून इतकं घट्ट काहीतरी तयार होतं. अमेरिकेच्या अन्ननियमांप्रमाणे मेयोनीज म्हणवून घ्यायला वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल लागतं. तुझ्या बरणीवरची घटकांची यादी वाच. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तेल पहिलं असेल तर पुढचं सगळं जमेल. पाणी पहिलं आणि पाठोपाठ स्टार्च असेल, म्हणजे ‘लाइट’ प्रकार असेल, तर तव्यावर ते तडतडेल, वाफ सोडेल आणि रंग नीट येणार नाही. ते सॅलडलाच संपव. अंड्याशिवायच्या मेयोनीजमध्ये बलकाचं काम दूध किंवा सोयाबीनची प्रथिनं आणि स्टार्च करतात. त्यातही तेल पहिलं असेल तर बिनधास्त वापर, फक्त खरपूस रंग थोडा कमी येईल.

सुरुवात चीज सँडविचपासून कर, कारण फरक तिथे पहिल्या घासाला कळतो. लोणी आत न लावता मेयोनीज पावाच्या बाहेरच्या बाजूला लावायचं. एका स्लाइसला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, पुरे. सुरीने कडेपर्यंत इतकं पातळ पसरव की पावाची जाळी खालून दिसली पाहिजे. तवा मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर तापव, त्यात वेगळं तेल घालू नकोस. पहिली बाजू झाकण ठेवून ३ ते ४ मिनिटं, उलटल्यावर दुसरी बाजू झाकण न ठेवता ३ मिनिटं. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि दुधाचे घन कण असतात. ते वितळून पावात कुठे जास्त कुठे कमी मुरतं आणि हे कण लवकर करपतात. मेयोनीज वितळून पळत नाही, त्यामुळे सगळीकडे सारखा सोनेरी रंग येतो आणि त्यातल्या अंड्याच्या प्रथिनांमुळे वरचा पापुद्रा जास्त कुरकुरीत होतो. शिवाय फ्रिजमधून काढल्या काढल्या ते पसरतं, पाव फाटत नाही. बिघडतं ते दोनच कारणांनी. थर जाड झाला तर अंड्याचा वास येतो आणि पाव तेलकट लागतो. आच मोठी झाली तर चीज वितळायच्या आतच बाहेरची बाजू काळी पडते.

हाच गुण चिकन किंवा मासा ब्रेडक्रम्समध्ये घोळवताना कामाला येतो. मैदा, फेटलेलं अंडं, क्रम्स अशा तीन थाळ्या मांडायची गरज नाही. हाड नसलेल्या ५०० ग्रॅम चिकनला २ मोठे चमचे मेयोनीज, अर्धा छोटा चमचा मीठ आणि हवे ते कोरडे मसाले चोळ. मिठाचा हात आखडता ठेव, कारण मेयोनीजमध्ये मीठ असतंच. क्रम्स आधी कढईत एक चमचा तेलावर हलके गुलाबी परतून घे, नाहीतर ओव्हनमध्ये चिकन शिजेपर्यंत ते फिकेच राहतात. मग चिकनचे तुकडे त्यात दाबून घोळव आणि जाळीवर ठेवून २०० अंश सेल्सिअसला भाज. तुकडा २ सेंमी जाड असेल तर १८ ते २० मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश यायला हवेत. तेवढ्याच जाडीचा मासा १२ ते १४ मिनिटांत होतो. क्रम्स सोलल्यासारखे निघून आले तर दोन शक्यता धर. एकतर चिकन ओलं होतं, किंवा मेयोनीज जास्त झालं. म्हणून लावण्याआधी तुकडे किचन टॉवेलने अगदी कोरडे कर.

मसाल्याचं म्हणशील तर बऱ्याच मसाल्यांचा रंग आणि सुगंध पाण्यात नाही, तेलात उतरतो. मेयोनीजमधलं तेल तो ओढून घेतं आणि तुकड्याला चिकटून राहतं, थाळीत ओघळत नाही. ओव्हनमध्ये भाजायच्या भाज्यांनाही हेच. ५०० ग्रॅम फ्लॉवर किंवा बटाट्याला एक मोठा चमचा पुरतो.

आता फ्राइड राइस. दोन वाट्या पूर्ण गार झालेला शिजलेला भात घे, त्यात एक मोठा चमचा मेयोनीज घाल आणि दाणे न मोडता बोटांनी चोळ. प्रत्येक दाण्याला तेलाचा आणि अंड्याचा पातळ थर बसतो, मग मोठ्या आचेवर परतताना दाणे सुटे राहतात. कढईत वेगळं तेल नको. भात गरम असताना मात्र हे करू नकोस, तो चोळताना चिकटतो आणि लगदा होतो. जपानमध्ये १९२५ पासून विकलं जाणारं क्युपी मेयोनीज फक्त बलकाचं असतं, त्याने भाताला रंग आणि चव दोन्ही जास्त येतात. पण साध्या मेयोनीजनेही भात छान मोकळा होतो. अंड्याची भुर्जी करताना तीन अंड्यांना एक छोटा चमचा मेयोनीज पुरे. आधी एकाच अंड्यात ते गुठळी न राहता फेट, मग बाकीची दोन घाल. तेलाचे थेंब प्रथिनांना एकमेकांना घट्ट धरू देत नाहीत, म्हणून भुर्जी आच थोडी जास्त झाली तरी पाणी सोडत नाही.

केकबद्दल तुझा विश्वास बसणार नाही, पण हा चॉकलेट केक मनापासून करून बघ. १२५ ग्रॅम मैदा, १५ ग्रॅम कोको (साधा, अल्कली प्रक्रिया न केलेला), पाऊण छोटा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र दोनदा चाळ. दुसऱ्या भांड्यात ११० ग्रॅम मेयोनीज आणि १०० ग्रॅम साखर फेट, त्यात हळूहळू १२० मिली पाणी आणि अर्धा छोटा चमचा व्हॅनिला घाल. कोरडं मिश्रण त्यात घालून पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळ. ७ इंची टिनमध्ये कागद लावून १७५ अंशांना ठेव आणि २८ मिनिटांनी काडी टोचून बघ. यात वेगळं अंडं नाही, लोणी नाही. मेयोनीजमधलं तेल मैद्याच्या कणांना वेढतं, त्यामुळे केक चिवट होत नाही. व्हिनेगर आणि कोको दोन्ही आंबट, त्यांच्यामुळे सोड्याचा वायू सुटतो आणि केक फुलतो. म्हणूनच मिश्रण करून ठेवू नकोस. ओव्हन आधी तापवून घे आणि मिश्रण तयार झालं की लगेच आत सरकव. नाहीतर वायू बाहेरच उडून जातो आणि केक बसतो. आणि हो, मेयोनीज अगदी साधंच हवं. लसणाचं किंवा मोहरीचं असेल तर ती चव कोकोखाली दबत नाही. हा केक फ्रिजमध्येही मऊ राहतो, कारण लोण्यासारखं हे तेल गारठ्यात घट्ट होत नाही.

स्वयंपाकातल्या दोन चुका तेवढ्या टाळ. उकळत्या रश्श्यात मेयोनीज घातलं तर थेंबांभोवतीचं आवरण उष्णतेने आखडतं, तेल वर तरंगतं आणि खाली चोथा राहतो. रस्सा आचेवरून उतरव, दोन चमचे गरम रस्सा मेयोनीजमध्ये मिसळ आणि मग ते भांड्यात परत घाल. दुसरी चूक म्हणजे ते फ्रीझरमध्ये ठेवणं. बर्फाचे स्फटिक आवरण फोडतात आणि वितळल्यावर तेल-पाणी वेगळं होतं. घरी केलेलं मेयोनीज असं फुटलं तर एका स्वच्छ वाटीत एक बलक घे आणि फुटलेलं मिश्रण थेंब थेंब घालत फेट, ते पुन्हा जुळून येतं. कच्च्या अंड्याचं घरचं मेयोनीज मात्र फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपव.

आता घरातली कामं. बरणीत फडकं बुडवू नकोस, लागेल तेवढं वाटीत काढून घे.

टेबलावर गरम कप किंवा ओला ग्लास ठेवल्यावर पांढरं वर्तुळ उमटतं ना, तिथे मेयोनीजचा खरा उपयोग आहे. तो डाग लाकडाचा नसतो, वरच्या पॉलिशचा असतो. बाष्प पॉलिशच्या थरात शिरतं, त्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांवरून उजेड विखुरला की तो भाग दुधाळ दिसतो. तेल त्या पोकळ्यांत मुरलं की दुधाळपणा जातो. साधं तेल लावलं तर ते चहूकडे पसरतं, मेयोनीज जिथे थापशील तिथेच राहतं. आधी टेबलाच्या खालच्या बाजूला थोडं लावून बघ. मग वर्तुळावर ३ मिमी जाडीचा थर दे, वर किचन टॉवेलची घडी ठेव आणि दोन तास थांब. पुसून बघ. डाग फिका झाला पण गेला नाही, तर नवा थर देऊन रात्रभर ठेव. शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पूस, लगेच कोरडं कर आणि वर मेणाचं पॉलिश लाव. लाखेच्या पॉलिशवर आणि लॅकरवर हे चांगलं साधतं. पॉलियुरेथेनच्या कडक थरात तेल फारसं शिरत नाही, तिथे अपेक्षा ठेवू नकोस. डाग काळा असेल तर पाणी पॉलिशच्या खाली लाकडापर्यंत पोचलेलं असतं. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाच्या अंशाशी प्रक्रिया होऊन तो काळेपणा येतो. त्याला मेयोनीजचा काही उपयोग नाही, ते काम ऑक्झॅलिक ॲसिडचं आणि सुताराचं. आणि पॉलिश नसलेल्या लाकडाला तर ते लावूच नकोस, तेलाचा कायमचा डाग पडेल.

काचेच्या बरणीवरचं लेबल निघालं पण चिकटा राहिला, तर त्यावर मेयोनीज लावून अर्धा तास ठेव, जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवड आणि भांड्याच्या साबणाने धू. बरेचसे डिंक तेलाने मऊ होतात. काच, स्टील, लुकण दिलेली चिनी माती यांवर चालतं. पुठ्ठ्यावर किंवा कच्च्या मातीच्या भांड्यावर नाही. केसात अडकलेलं च्युइंगगम, हाताला लागलेला झाडाचा चीक, गाडीच्या रंगावरचे डांबराचे ठिपके, बोटात अडकलेली अंगठी, सगळ्यांचं तत्त्व तेच. पाच-दहा मिनिटं राहू दे, मग हळूच पूस आणि साबणाने धू. गाडीवर मात्र ते उन्हात वाळू देऊ नकोस.

केसांना लावायचं असेल तर कोरड्या केसांच्या टोकांना दोन-तीन मोठे चमचे, वीस मिनिटं, आणि धुताना पाणी कोमटच. गरम पाण्याने अंडं शिजून केसात कणाकणाने अडकतं. यातलं प्रथिन केसात शिरत नाही, मऊपणा येतो तो तेलाच्या थराने. अंड्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको. उवांसाठी मुलांच्या डोक्याला मेयोनीज थापून वर प्लास्टिकची पिशवी बांधायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नकोस. पिशवीने मुलाचा श्वास कोंडू शकतो, उवा हवेविना तासन्‌तास तग धरतात आणि लिखा तशाच राहतात. बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, एवढंच खरं. भाजलेल्या त्वचेलाही ते लावू नये, तेलाखाली उष्णता कोंडते. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरणं हाच पहिला उपाय.

कुंडीतल्या झाडांची पानं चमकवायला ते वापरतात, पण त्या तेलावर धूळ बसते आणि पानाची रंध्रंही बुजू शकतात. ओलं फडकं पुरे. दाराच्या बिजागरीला लावलं तर त्यातल्या मिठाने आणि व्हिनेगरने लोखंड गंजेल. भाजी चिरायच्या पाटाला लावलं तर तेल खवट होईल.

कपड्यावर सांडलं तर चमच्याने खरवडून काढ, त्यावर भांड्याचा साबण चोळून दहा मिनिटं ठेव आणि कोमट पाण्याने धू. आणि हे विसरू नकोस: तेलाने माखलेली फडकी वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये गरम करून ढीग घालून ठेवू नयेत. वनस्पती तेलाची हवेशी प्रक्रिया होऊन उष्णता साठते आणि असा ढीग पेटू शकतो. आधी साबणाने नीट धू, पसरून वाळव.

बरणी उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेव आणि दोन महिन्यांत संपव. जुन्या रंगासारखा किंवा पुट्टीसारखा वास आला तर तेल खवट झालं असं समज. ते खायला नको आणि टेबलालाही नको, कारण असं तेल वाळताना चिकट होतं.

केक केलास तर टिनचा आकार आणि लागलेली मिनिटं कळव. ओव्हन लहान असेल तर तापमान १६५ वर आणून पाच मिनिटं जास्त दे.

तुझीच,
मीनल