माझं नवं अप-डाउन

कोपनहेगन,
रविवार, कोजागरीनंतरचा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना मुग्धाचा साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार, कारण तिला सगळ्यांच्यात मिळून आलेला चालत नाही. चि. मंदारला आशीर्वाद. तीनच वर्षांनी का होईना, मोठी आहे.

फोनवर सगळं नीट सांगायचं दर वेळी ठरवते. पण "जेवलीस का"पासून सुरू झालेलं "ठेवते, कुकर झाला"पाशी संपतं. त्यातून सायकलीचा विषय निघाला की तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मागून आजी तिसरंच विचारते. म्हणून लिहायला बसले. मंदारने हे आजीला मोठ्याने वाचून दाखवावं, मधलं काही न गाळता.

खुशाली आधी. मी ठणठणीत आहे. डाळ-तांदूळ मिळतात, हिंग पुरून उरलाय, थंडी अजून सोसण्यासारखी आहे. रात्री साडेदहाला झोपते. (अकरा म्हण.)

ऑफिस जानेवारीत लुंग्बीला हलतंय, हे मागे सांगितलंच आहे. गावाबाहेर म्हणजे रान नव्हे गं आई. तिथे मोठं तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, बाजारपेठ आहे, तळं आहे. पण मी राहते शहराच्या दक्षिणेला, बंदराच्या काठी इस्लँड्स ब्रुगेला, आणि लुंग्बी पार उत्तरेला. आपल्या बडोद्यात मकरपुऱ्याहून रोज छाणीला जाण्याइतकं अंतर, मधे सगळं शहर. गेले काही रविवार मी ही वाट बसवण्यात घालवले, आणि आता ती बसली आहे.

आधी वाटलं, सगळी वाट सायकलनेच मारावी. रस्ता बराचसा सपाट आहे. पण इथला वारा जाताना समोरून येतो आणि परत येतानाही समोरूनच येतो, हे कसं ते कुणी मला समजावून सांगावं. घामेजून, केस विस्कटून सकाळच्या मीटिंगला बसायची माझी तयारी नाही. मेट्रो घराजवळ आहे, पण तिच्यात सायकलीला वेगळं तिकीट पडतं आणि ऐन गर्दीच्या वेळी ती आत घेतच नाहीत. राहिली लोकल. तिला इथे एस-टॉग म्हणतात. बाबांसाठी माहिती: १९३४ साली सुरू झालेली, पहिल्यापासून विजेवर. गेज १,४३५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या १,६७६ च्या ब्रॉडगेजहून अरुंद. आणि मुख्य म्हणजे २०१० पासून तिच्यात सायकल फुकट नेता येते. पैसे फक्त माणसाचे.

तेव्हा वाट अशी. घरातून निघून बंदरावरच्या पुलावरून पलीकडे. हा पूल २००६ सालचा, फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी. तो उतरलं की लगेच दुसरा, नुसता सायकलींचा, २०१४ मध्ये बांधलेला. त्याची जमीन नारिंगी रंगाची. पाण्याच्या कडेने वळणं घेत, हळूहळू चढत तो दोनशेहून जास्त मीटर जातो आणि थेट डुबल्सब्रो स्टेशनच्या डोक्यावर नेऊन सोडतो. मोटार नाही, रिक्षा नाही, गाय नाही. तिथून खाली फलाटावर. लिफ्ट असते, पण तिच्यासमोर बाबागाड्यांची रांग, म्हणून मी जिनाच धरते. जिन्याच्या कडेला चाक मावेल एवढी पन्हाळ असते. तिच्यात सायकल घालून आपण पायऱ्यांवरून तिच्या बाजूने चालायचं. चढवताना ढकलावी लागते, आणि उतरवताना ब्रेक दाबून धरावा लागतो, नाहीतर ती फलाटावर आधी पोचते आणि आपण मागून.

डुबल्सब्रोच का, तर पुढचंच स्टेशन मुख्य सेंट्रल. तिथे सगळं गाव चढतं, त्याआधी माझी सायकल आत लागलेली असते. सायकलींची जागा गाडीच्या मधल्या भागात, बाहेर मोठं चित्र असतं. आत भिंतीला दुमडणाऱ्या खुर्च्या. सायकल आली की बसलेल्याने उठायचं, आणि उठतात, तोंड वाकडं न करता. आपल्या मेमू लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेली जागा सोडायला लावून बघा कुणाला! सायकली एकीला एक लावून उभ्या करतात, म्हणून नव्याने आलेला माणूस आधीच्याला विचारतो, "कुठे उतरणार?" डब्यात अनोळखी माणसांमध्ये होणारं संभाषण एवढंच. मधे नॉरेपोर्ट नावाचं फार गजबजलेलं स्टेशन लागतं. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी तिथे सायकल चढवायला-उतरवायला बंदी. मला तिथे काही कामच नाही, मी सरळ पुढे. पंचवीसेक मिनिटांत लुंग्बी. मग चढ, पण मोठा नाही. येताना तोच उतार.

बाबा, तुम्ही म्हणणार की दोन सायकली ठेव, एक इकडे आणि एक तिकडे, मी आणंदला ठेवायचो तशी. पहिला विचार तोच आला होता. पण इथे सायकली फार चोरीला जातात. शिवाय रात्रभर स्टेशनबाहेर पावसात उभ्या सायकलीची चेन आठवड्यात तांबारते. आणि तुमच्या आणंदच्या स्टँडवाल्या काकांसारखं "साहेब, मागच्या चाकात हवा कमी आहे" म्हणायला इथे कुणी बसलेलं नसतं. तुम्ही इतकी वर्षं ते कसं केलंत, बडोद्याला सायकल, मग पास, मग आणंदला सायकल, आणि घरी येऊन आमचा अभ्यास, याचा हिशेब मी आत्ता कुठे मांडायला लागले आहे.

आता इथली एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण मंदारला ती फोनवर दोनदा सांगून कळलेली नाही. चौकात वळणं. समजा, तुम्ही स्टेशनकडून काळा घोडा सर्कलला आलात आणि उजवीकडे वळायचंय. आपण काय करतो? मान फिरवतो, फार तर हात काढतो, आणि हळूहळू मधे सरकतो. मागचा हॉर्न वाजवतो, समोरचा शिवी देतो आणि थांबतो, आपण वळतो. इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे ही पंचाईत डावीकडे वळताना येते. पण सायकलवाल्याने चौकाच्या मधे यायचंच नाही, असा कायदा आहे. आपला सिग्नल हिरवा झाला की वळायचं नाही, सरळ जायचं. चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं. तिथे सायकलीचं तोंड डावीकडे करायचं आणि त्या आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा व्हायची वाट बघायची. तो झाला की पुन्हा सरळ. म्हणजे एका वळणाला दोन सिग्नल. सुरुवातीला मी विचारायचे, अहो पण मला डावीकडे जायचंय, मग मी सरळ का जाऊ? लोक म्हणायचे, डावीकडे जायचंय म्हणूनच.

एवढ्यावर संपत नाही. पलीकडे थांबायच्या आधी हात वर करायचा. कोपरात वाकवून, तळवा पुढे, शाळेत हजेरी दिल्यासारखा. म्हणजे मागच्याला कळतं की ही आता थांबणार. मागे कुणी असो वा नसो, हात वर. परवा भल्या पहाटे मी वाट तपासायला निघाले होते. भुरभुर पाऊस, चौकात चिटपाखरू नाही. माझ्या पुढे एक आजोबा, आजीच्याच वयाचे असतील. त्यांनी हात वर केला, कोपऱ्यावर थांबले, सायकल वळवली आणि लाल सिग्नलकडे बघत उभे राहिले. मीही उभी राहिले. चारी रस्ते रिकामे, आम्ही दोघं भिजतोय. पुढे गेले असते तर ते ओरडले नसते, नुसतं बघितलं असतं, आणि ते जास्त लागतं. पहिल्यांदा मला या सगळ्याचा संताप यायचा. पण सकाळी आठ वाजता मागून सायकलींची रांग लागलेली असते ना, तेव्हा तो वर झालेला हात बघून बरं वाटतं. मंदारने हे दांडिया बाजारात करून बघू नये. हात वर केला तर रिक्षा थांबेल.

आता आईचे प्रश्न. अंधाराचं म्हणशील तर हो, डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे जाणं-येणं दोन्ही अंधारात. पण पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसला तर दंड होतो, माझ्या सायकलीला दोन्ही आहेत. सायकलींचा रस्ता बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळा, मधे कट्टा असतो. बर्फ पडला तर महापालिका हा रस्ता आधी साफ करते. हेल्मेट घातलंच पाहिजे असा कायदा नाही, तरी मी घालते. त्या फोटोत नव्हतं, कारण फोटोसाठी काढलं होतं. आणि पावसाचं काय घेऊन बसलीस, पावसाळ्यात अलकापुरीच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यातून सायकल काढलेली मुलगी आहे मी.

दुसरा प्रश्न पुण्याच्या आत्याचा, तिने तुझ्या तोंडून विचारलेला: एवढा पगार आणि सायकल? आत्याला सांग, इथे नवी गाडी घेतली की सरकार नोंदणीचा कर लावतं, आणि महागड्या गाड्यांच्या वरच्या टप्प्यावर तो १५० टक्के पडतो. पैसे नाहीत म्हणून मी सायकलवर आहे असं नाही. ऑफिसात माझे साहेबही सायकलवरच येतात, टायला क्लिप लावून. आणि आजीला आवडेल म्हणून सांगते, २०२४ मध्ये गादीवर बसलेले इथले राजे फ्रेडरिक, युवराज असताना धाकट्या जुळ्यांना पुढे पेटी लावलेल्या सायकलीत बसवून बालवाडीत सोडायला जायचे. राजवाड्यातून! आजी म्हणेल, आमचे सयाजीराव महाराज हत्तीवरून निघायचे. असू दे.

आता राहिलेलं लिहिते. आई, तू हुशार आहेस. डिसेंबरात करार संपणाऱ्या मुलीने जानेवारीतल्या ऑफिसची वाट कशाला शोधायची, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल. करार दोन वर्षांनी वाढवून दिलाय, आणि मी सही केली. दसऱ्याला केली, तेवढा मुहूर्त मी बघितला. आधी विचारलं असतं तर बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते आणि तू गप्प बसली असतीस, आणि त्या गप्प बसण्यापुढे माझी सही झाली नसती. येणार नाही असं नाही. उत्तरायणाला जमत नाही, ऑफिस त्याच सुमारास हलतंय. फेब्रुवारीत येते, तिकिटं बघते आहे. चांगल्या तीन आठवड्यांसाठी येईन. अडीच तरी.

पगार वाढलाय. गच्चीचं काम या उन्हाळ्यात एकदाचं सगळं काढा, दर वर्षी एक कोपरा असं नको, पुढच्या पावसात पुन्हा माजघरात पातेली मांडायला लागू नयेत. त्याआधी आजीचा मोतीबिंदू. दोन्हींचे पैसे या महिन्याअखेर पाठवते. कर्जाचे हप्तेही दिवाळीपासून मीच भरेन, बाबांनी आता नाही म्हणू नये. मंदारने खात्याचा क्रमांक टाइप करून पाठवावा, फोटो नको, मागच्या वेळी तीन आणि आठ कळला नाही आणि पैसे परत आले.

नाशिकच्या स्थळाबद्दल तुम्ही थांबला आहात हे मला माहीत आहे. त्यांना आता थांबवू नका. मुलगा चांगला आहे, बोलायला सरळ आहे, दोन वर्षं कुणाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे. माझं इथे कुणी नाही. फोनवर मागून आवाज आला तो शेजाऱ्याचा, पंक्चर काढायला पंप मागायला आला होता. आणि मोठीचं झाल्याशिवाय धाकट्याचं नाही, हे माझ्यासाठी धरून बसू नका. मंदार, वाचताना थांबू नकोस, पुढे वाच. त्याच्या मनात एक मुलगी आहे. गुजराती आहे, फतेहगंजला राहते, मी व्हिडिओवर बोलले आहे तिच्याशी, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलते. चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर आजी यावर काय म्हणणार आहे ते मला कळवा, त्याच्या शब्दांत नको, तिच्या.

दिवाळीचा फराळ पाठवू नका. कुरियरचेच पैसे जास्त होतात आणि चकलीचा चुरा होतो. पाठवणारच असाल तर भाखरवडी पाठवा.

तुमची,
मुग्धा

ता. क. नाशिकच्यांना आईने फोन करू नये, ती त्यांची माफी मागत बसेल. बाबांनी करावा आणि नाही मी म्हटलंय असंच सांगावं. फार वाटलं तर माझा नंबर द्या त्यांना, मी बोलते. इथले दुपारचे साडेचार म्हणजे दिवाळीपर्यंत तुमचे आठ, घड्याळं मागे गेली की नऊ.