पेन्शनीत एवढा फरक कशासाठी?

मा. संपादक साहेब,

हिंगणा एमआयडीसीत २४ वर्षं मशीनवर उभं राहून काम केलं अन् आता ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, पेन्शन येते महिन्याला २६४० रुपये, त्यात माझ्या बीपीच्या अन् बायकोच्या शुगरच्या गोळ्याच कशाबशा बसतात. शेजारी सरकारी खात्यातून रिटायर झालेत, त्यांना शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन, वरून वाढता महागाई भत्ता. त्यांचं कमी करा असं मी बिलकुल म्हणत नाही, त्यांनीही राबूनच कमावलंय. पण आम्हाला महागाई भत्ताच नाही, किमान पेन्शन २०१४ पासून १००० वरच अडकलेली, तेव्हापासून सिलेंडर अन् तूरडाळ कुठल्या कुठं गेली! दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जातो तर घासलेल्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत, तीन-तीनदा अंगठा लावावा लागतो. किमान ७५०० अन् महागाई भत्ता, एवढीच आमची मागणी आहे, ती आता तरी मान्य करा.

एक ईपीएस पेन्शनर, नागपूर