वाडा पडायला आलाय की गिलावा?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सांगलीच्या गावभागात, खणभागात जुन्या घरांच्या दारांवर ‘धोकादायक इमारत’ असे कागद चिकटतात. पुढे त्यांतले एखादे घर माझ्याकडे येते, म्हणजे त्याचे लाकूड येते. उतरवलेल्या वाड्यांचे सागवान विकत घ्यायचे आणि त्याचे दरवाजे, झोपाळे, टेबले करून द्यायची, हा आमचा पिढीजात धंदा. तेव्हा वाड्यांची बाजू मी घ्यावी हे काहींना उफराटे वाटेल. पण वाड्याच्या पोटात काय असते ते पाडकामात आम्हाला जेवढे दिसते, तेवढे मालकालाही दिसत नाही.

सांगलीत वारसा म्हटले की राजवाडा, गणपती मंदिर, फार तर १९४३ साली वसंतदादा ज्या तुरुंगातून निसटले तो तुरुंग. ते रास्तच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिला नाट्यप्रयोग केला, याचाही आपल्याला अभिमान. पण त्या काळचे गाव ज्या घरांत राहत होते, ती कशी बांधत, हे कळायला आता थोडीच घरे उरली आहेत. तिथे कोणी थोर माणूस जन्मला नाही, म्हणून पाटी लागत नाही. पाटी नाही, म्हणून किंमत नाही.

गावभागातला एक वाडा उतरवताना मी हजर होतो. सोप्याचे, म्हणजे दर्शनी पडवीचे, खांब दगडी तळखड्यावर उभे, वर हस्त म्हणजे खांबाच्या माथ्याचा आधार, त्यावर तुळई म्हणजे आडवा वासा आणि मग कडीपाट म्हणजे लाकडी छत. सांध्यात लोखंडी खिळा नाही. कूस, म्हणजे लाकडाचे कोरलेले टोक, खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली. खांबाच्या अंगावर पटाशीने तीन रेघा ओढलेल्या, आणि त्याच्याच तुळईवर तशाच तीन. शेजारच्या जोडीवर चार. म्हणजे सगळा सांगाडा आधी खाली जमिनीवर जुळवून पाहिला, खुणा केल्या, सुटा केला आणि मग उभा केला. त्या सुताराचे नाव कुठेच नाही. गडी मात्र पक्का होता.

सांगायचा मुद्दा हा, की अशा घराचा भार भिंतीवर नसतो, लाकडावर असतो. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कित्येक घरांत भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, भिंती खालून विरघळून बसल्या आणि ‘घर पडले’ अशी बोंब झाली. त्यातल्या काहींची माडी जागची हलली नव्हती. खांबांनी धरून ठेवली होती.

खरा घात सिमेंटने केला. २००५ च्या पुरानंतर पुष्कळांनी मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. दिसायला झकास; पण आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही. भिंतीत दडलेले खांब बुडाशी कुजले. त्याच घरातले चौकातले उघडे खांब हात लावून बघा, खणखणीत वाजतात. कुजका खांबही सगळा फेकावा लागत नाही. वरचा भार टेकूंवर घेऊन खराब बुंधा कापायचा आणि तेवढाच नवा तुकडा खाली सांधायचा. हे काम येणारे लोक अजून आहेत, त्यांना कामच मिळत नाही.

आणि तपासणी कशी होते? काँक्रीटवर ठोकून ताकद सांगणारे यंत्र मातीच्या भिंतीवर काय सांगणार? पोपडे निघालेले दिसले की शेरा तयार. शासनाच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे ताबडतोब पाडा; पण सी-२अ म्हणजे घर रिकामे करून दुरुस्त करा. या दोन शेऱ्यांत वाड्याच्या जन्ममरणाचे अंतर आहे. खांबाच्या बुडाशी आणि तुळईच्या टोकाला टोच्या मारून बघितल्याशिवाय सी-१ लिहू नये, एवढे मी ठामपणे म्हणेन. जे खरेच गेले आहे ते उतरवावेच. त्याखाली माणसे राहतात.

मालकांच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. प्रॉपर्टी कार्डावर चुलत-मावसांची रांग, आणि जुन्या भाडेकरूच्या भाड्यात चुन्याचे पोतेही येत नाही. वारसा यादीत नाव गेले की घर हातचे गेले, ही त्यांची भीती. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत वारसा इमारतीच्या मालकाला टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, देण्याची सोय आहे, हे त्यांना कोणीतरी घरी जाऊन सांगायला हवे.

निदान पाडायची परवानगी देण्यापूर्वी घराची मापे, नकाशा आणि फोटो घेणे सक्तीचे करा. सांगलीत आर्किटेक्चर शिकणारी मुले आहेत, त्यांना या कामाला लावा. आज आमच्याकडचा कोरीव खांब पुण्या-मुंबईच्या हॉटेलात जातो, पैसे बरे येतात, पण तिथे तो नुसता ‘जुना पीस’ असतो. कुठल्या गल्लीतला, सोप्यातला की देवघरापुढचा, पत्ता नाही. महापालिकेने नोंदीचा नमुना ठरवून दिला, तर माझ्या वखारीत येणारा माल कोणत्या घराचा, ते मी लिहून देत जाईन. धंद्यातल्या आणखी दोघा-तिघांशी बोललो आहे, त्यांचीही ना नाही.

आपला,
एक सुतार, खणभाग, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)