कोलंबसच्या पार्किंगमधल्या आजींना

सा. न. वि. वि.

आजी, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचलं तरी तुम्हाला वाचता येणार नाही. तरी मराठीतच लिहितोय. त्या रात्री परतताना एका पेट्रोल पंपावर थांबून मी पुण्याला आईला फोन लावला होता. तिथे रविवारची सकाळ उजाडत होती. तुमच्याबद्दल पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते तेव्हा, आणि याच भाषेत. आई म्हणाली, "त्या बाईंना पत्र टाक." पत्ता घ्यायला मी विसरलो होतो. तुमचं नाव मात्र आठवतंय. पण तुम्हाला न विचारता ते इथे लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून आजीच म्हणतो. आमच्याकडे लाल कोट घालून भर थंडीत शेगडीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला दुसरं काही म्हणायची रीत नाही.

तारीख १९ नोव्हेंबर २०११, शनिवार. अमेरिकन फुटबॉल: तुमचं कोलंबसचं ओहायो स्टेट विद्यापीठ विरुद्ध आमचं पेन स्टेट. तुमच्या मैदानावरचा त्या हंगामातला शेवटचा सामना, आणि आमच्या संघाचा त्या प्रकरणानंतरचा बाहेरगावचा पहिला.

प्रकरण तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जेरी सँडस्की हा आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा एकेकाळचा सहायक प्रशिक्षक. अडचणीतल्या मुलांसाठी त्यानं स्वतःच एक संस्था काढली होती, आणि तिथेच त्याला मुलं सापडत गेली. ५ नोव्हेंबरला त्याला अटक झाली. २००१ साली संघाच्या न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर त्याला एकानं पाहिलं होतं. ते मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना कळलं, त्यांनी वरच्यांना कळवलं, आणि पोलिसांना कुणीच कळवलं नाही. अटकेनंतर चार दिवसांनी, ९ तारखेच्या रात्री, विश्वस्तांनी पटर्नोंना काढलं. ४६ हंगाम आणि ४०९ विजय नावावर असलेला माणूस, आणि नोकरी गेली ती फोनवरून.

मी तेव्हा तिथे एम.एस. करत होतो. पुण्यात वाढलेला मुलगा, 'पुरुषोत्तम' एकांकिका स्पर्धेच्या नाट्यगृहात "अरे आवाज कुणाचा" ओरडून घसा बसवलेला. दुसऱ्या कॉलेजची एकांकिका सुरू असताना कुठल्या वाक्याला हुर्यो उडवायची याचं मला चांगलं शिक्षण होतं. अमेरिकेत जाऊन मी आणखी काही शिकलो असेन, पण कॉलेजच्या नावानं घशाच्या शिरा ताणणं मी इथूनच घेऊन गेलो होतो.

आम्ही चौघं निघालो. मी, नागपूरचा एक, विजयवाड्याचा एक, आणि गाडी ज्याची तो पिट्सबर्गचा गोरा मित्र, ज्याचे वडीलही आमच्याच विद्यापीठाचे. पाच-साडेपाच तासांचा रस्ता. वाटेत पिट्सबर्गला वेंकटेश्वराच्या देवळात चिंचेचा भात खाल्ला, कारण विजयवाडेकर त्याशिवाय पुढे सरकायला तयार नव्हता. देवळाच्या पायऱ्यांवरच वाद सुरू झाला. आमच्या संघाचं निळं जॅकेट घालून जायचं की नाही? आदल्या आठवड्यात इंटरनेटवर आमच्या नावानं जे विनोद फिरत होते ते सगळ्यांनी वाचले होते. नागपूरकरानं जॅकेट उलटं करून घातलं, अस्तर बाहेर. गाडीवाल्या मित्रानं मात्र वडिलांची जुनी निळी टोपी चढवली आणि पुढे तो फारसा बोलला नाही.

ओलेनटांजी नदीच्या बाजूला जागा मिळाली, नेमकी तुमच्या शेजारी. तुमच्या गाडीची डिकी उघडी, शेगडीवर सॉसेज, घडीच्या टेबलावर लाल-करडा कपडा. आम्ही चोरासारखे गाडीतून उतरलो. आईनं दिवाळीत पाठवलेला फराळ पोस्टानं उशिरा पोचला होता, म्हणून माझ्या हातात चिवड्याचा स्टीलचा डबा होता. एवढ्यात लाल स्वेटशर्ट घातलेली पाच-सहा पोरं समोरून गेली आणि त्यांतल्या एकानं आमच्याकडे बघून न्हाणीघरावरून काहीतरी फेकलं. वाक्य मी लिहिणार नाही. ते चतुर होतं, एवढंच सांगतो. पुण्याच्या नाट्यगृहात असतो तर टायमिंगला मीही दाद दिली असती, आणि हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तुम्ही हातातला चिमटा खाली ठेवलात. त्याला हाक मारलीत, अगदी शाळेत मारतात तशी. तो आलाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "यांच्या संघाला काय वाट्टेल ते बोल. यांच्या क्वार्टरबॅकला बोल, यांच्या टोप्यांना बोल. त्या मुलांवर हसू नकोस." तो म्हणाला, मी मुलांवर कुठे हसलो, मी यांच्यावर हसलो. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दशः पाठ आहे, माझ्या मराठीत देतो: "आज इथे लाखभर माणसं येणार आहेत. त्यांतल्या किती जणांच्या लहानपणी हेच घडलं असेल, तुला माहीत आहे का? त्यांनी कुणाला सांगितलेलं नसेल. तू ओरडलास तेव्हा ते तुझ्या अंतरावर होते."

तो पोरगा लाल झाला. माफी वगैरे मागितली नाही. "येस मॅम" पुटपुटून निघून गेला. मला तेवढं पुरेसं वाटलं, तुम्हालाही वाटलं असावं, कारण तुम्ही लगेच सॉसेज उलटायला लागलात.

मी आभार मानायला पुढे आलो आणि वर जोडलं, "आम्ही तर काही केलं नाही हो, आम्ही साधे विद्यार्थी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ते मी तुमच्यासाठी नव्हतं केलं."

आजी, या वाक्याबद्दल तुमचे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली. त्या क्षणी ते झोंबलं होतं. आठवडाभर आम्ही सगळे स्वतःलाच बिचारे समजत होतो. आमची बदनामी, आमच्या पदवीचं काय, आमचा म्हातारा प्रशिक्षक! टीव्हीवर ज्या मुलांबद्दल बोलत होते ती मुलं आमच्या बोलण्यात येतच नव्हती.

मग तुम्ही विचारलंत, पटर्नोंना काढलं त्या बुधवारी रात्री तू कुठे होतास. तुम्ही बातम्या पाहिल्या होत्या. मी खोटं बोलू शकलो असतो. आमच्या गावातल्या कॉलेज अव्हेन्यूवर हजारो विद्यार्थी उतरले होते, एका वाहिनीची गाडी आडवी पाडली गेली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. गाडीला मी हात लावला नव्हता. पण मी तिथून हाकेच्या अंतरावर होतो आणि पटर्नोंच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. ते तुम्हाला सांगितलं. त्यानंतरच्या शुक्रवारी रात्री विद्यापीठाच्या ओल्ड मेन इमारतीसमोर मेणबत्ती घेऊन उभा होतो, तेही सांगितलं, जरा घाईघाईनं. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. तीस वर्षं शाळेची बस चालवली, असं म्हणालात. संध्याकाळी घर जवळ आलं की काही मुलं हळूहळू मागच्या बाकावर सरकतात, उतरायला लागू नये म्हणून, आरशात दिसतं. एवढंच. मग विचारलंत, डब्यात काय आहे.

चिवडा तुम्हाला तिखट लागला. तुमच्या यजमानांनी मात्र दोन मुठी खाल्ला आणि हे बिअरबरोबर विकायला हवं म्हणाले. त्यांनी विषय बदलावा म्हणून की खरंच, पण तुमच्या विद्यापीठाचं टॅटू प्रकरणही काढलं. तुमच्या खेळाडूंनी बक्षिसं आणि कपडे देऊन टॅटू काढून घेतले होते, त्यात तुमचे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना मे महिन्यात राजीनामा द्यावा लागला होता. दोन्ही संघ हंगामी प्रशिक्षकांवर चाललेत, आपण सगळे एकाच नावेत, असं काहीसं ते म्हणाले. तुम्ही त्यांना तिथेच तोडलंत. "गोंदवणं आणि हे एका वाक्यात नको." मला त्यांचं बोलणं आमची बाजू घेतल्यासारखं सोयीचं वाटलं होतं, म्हणून मी मान डोलावत होतो. तुमचं ऐकून मान थांबवली.

नंतर मला एक हिशेब सुचला. त्या दिवशी मैदानात उतरलेले दोन्हीकडचे खेळाडू अठरा ते बावीस वर्षांचे. म्हणजे २००१ साली आठ ते बारा वर्षांचे. त्या न्हाणीघरातला मुलगा जवळपास त्यांच्याच वयाचा. ज्यांच्यावर तो टोमणा फेकायचा होता त्यांचा गुन्ह्याशी संबंध असेल तर तो असा.

सामन्याला जाताना तुम्ही बजावलंत, "आत गेलात की दयामाया नाही हं." आणि नव्हतीच. आमचा संघ बोगद्यातून आला तेव्हा जी हुर्यो झाली ती नेहमीची, खणखणीत. एका बाजूनं "ओ-एच", दुसरीकडून "आय-ओ", घोड्याच्या नालेसारखं ते स्टेडियम आणि त्यात कोंडलेला लाखाच्या वरचा आवाज. आमचा थर्ड डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आला की कानठळ्या. आम्हाला बरं वाटलं, हे सांगितलं तर कुणाला पटेल का? आदल्या शनिवारी आमच्या मैदानावर नेब्रास्काविरुद्धचा सामना होता. त्याआधी दोन्ही संघ मधोमध गुडघे टेकून बसले होते आणि लाखभर माणसं गप्प होती. ते योग्यच होतं, रडूही आलं. पण तसं प्रत्येक शनिवारी करता येत नाही. आठवड्यानंतर समोरच्या संघानं आपल्याला नुसता संघ समजून झोडपावं यात मोठी सुटका होती. काही ठिकाणी आमच्याशी लोक इतक्या हळू आवाजात बोलायचे की सुतकात असल्यासारखं वाटे. तुम्ही तसं केलं नाहीत.

सामना आम्ही जिंकला, २०-१४. सगळे गुण पूर्वार्धातच झाले. स्टेफन ग्रीनचे दोन टचडाउन, अँथनी फेराचे दोन फील्ड गोल, आणि उत्तरार्धात कुणाचं काहीच नाही, नुसती रेटारेटी. नागपूरकरानं मध्यंतरात जॅकेट सुलटं केलं. बाहेर पडताना दोन-चार शिव्या मिळाल्या, सगळ्या खेळाबद्दलच्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडीवाल्या मित्राच्या टोपीकडे बघून नुसती मान हलवली आणि तो रडायला लागला. त्याचं त्याला कळलं नाही का.

पुढचं सगळं जगजाहीर आहे. जानेवारीत पटर्नो वारले. जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. जुलैमध्ये पटर्नोंचा पुतळा हलवला, विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड झाला, पटर्नोंच्या नावावरचे काही विजय खोडले गेले. २०१५ मध्ये ते परत लिहिले गेले. त्या आकड्यांवरून आमचे जुने मित्र आजही भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही.

एकदा मात्र तुमची फार आठवण झाली. ९ जून २०१९, लंडनचं ओव्हल, भारत-ऑस्ट्रेलिया. सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या स्टीव्ह स्मिथला आपले प्रेक्षक चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणावरून डिवचत होते. विराट कोहलीनं हातवारे करून त्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. मी टीव्हीपुढे बसून टाळ्या वाजवल्या. मग वाटलं, आजी इतक्या लवकर वाजवतील का? स्मिथ त्या प्रकरणात स्वतः होता, वर्षभराची बंदी भोगून आला होता. त्याला हुर्यो झाली तर ती निदान त्याच्याच अंगावर जात होती. ओरडताना आवाज नक्की कुणापर्यंत जातोय, हे तुमचं मोजमाप तिथे लावलं तर कदाचित तुम्ही म्हणाला असता, ओरडू दे थोडं. माहीत नाही. विचारायला तुम्ही हव्या होता.

परत आलो तेव्हा तुम्ही खुर्च्या घडी करत होता आणि स्वतःच्या संघाला असे शब्द वापरत होता की आम्ही आमच्या पाहुण्यांसमोर वापरणार नाही. माझा डबा धुऊन ठेवला होता. तो रिकामा नव्हता. आत बकाय होते, दाण्याच्या लोण्याचे गोळे, वरून चॉकलेटमध्ये बुडवलेले आणि डोक्यावर थोडे उघडे ठेवलेले. आईला फोनवर सांगितलं की आपल्या दाण्याच्या लाडवाचा अमेरिकन चुलतभाऊ. तिला लाडवांपेक्षा डबा भरून परत आला याचं अप्रूप. "म्हणजे त्यांच्याकडेही रिकामा देत नाहीत," असं दोनदा म्हणाली.

आभारी आहे.

तुमचा,
निळ्या जॅकेटवाल्यांपैकी चिवडा आणणारा

ता. क. झाकण तुमच्याकडेच राहिलं. पिट्सबर्ग येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर झाकायला काही उरलं नव्हतं.