श्रीलंकेला निघालायस तर एक काम कर

सोलापूर

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

वहिनींना घेऊन श्रीलंकेला निघालायस, हे तुझ्या धाकट्याकडून कळलं. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, तू लंकेला. जा बाबा, मजा कर. पण एक काम आहे. फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

कोलंबोला लागूनच श्री जयवर्धनेपुरा कोट्टे आहे. तिथल्या, श्रीलंकेत पाठवलेल्या आपल्या शांतिसेनेच्या स्मारकावर सुमारे १२०० जवानांची नावं कोरलीत. त्यात आपला फौजी आहे.

आठवतं का बे, पार्क मैदानावर पळायला पहाटे उठवायचा? आपण दुसऱ्या चकरीलाच चहाच्या गाड्यावर, आणि हा पळतोय आपला. ८७ च्या ऑगस्टात रजेवर होता. २९ जुलैला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला, लगेच पलटणी तिकडं उतरू लागल्या, आणि याची तार आली: रजा रद्द, मद्रासला हजर व्हा. मद्रास मेलला बसवायला आपण गेलो होतो. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून आणली होती. दारात उभं राहून म्हणाला, "लढाई नाही काही, फक्त तिथल्या तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायचीत. दिवाळीला आलोच."

मग ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या पत्त्याची पत्रं. जाफन्याची ताडाची झाडं, अरुंद गल्ल्या, असलं काहीबाही. ऑक्टोबरात त्या बंडखोरांतल्या लिट्टेशीच जुंपली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठात हेलिकॉप्टरनं शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरवले, त्यातला एकच जिवंत राहिला. आपल्याला हे कळायला कितीतरी वर्षं गेली. तेव्हा नुसती तार आली, तीही ऐन दिवाळीच्या तोंडावर.

पार्थिव घरी आणायची रीत रुळली ती कारगिलपासून. त्याआधी बहुतेकांना तिकडंच अग्नी दिला जायचा. आपल्याकडं कलश आला आणि पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेली काळी ट्रंक. आत दाढीचं सामान, स्वेटर आणि काकांनी मिलमधून आणून दिलेली चादर. घडी मोडलेली नव्हती, लेबलही तसंच. ते लेबल काकूंनी अजून काढू दिलेलं नाही.

खरं सांगू? मला लिट्टेपेक्षा आपल्याच लोकांचा राग जास्त येतो. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला फिरकलेसुद्धा नाहीत. सैन्य पाठवणं बरोबर की चूक, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. पण तिकडं जायचं फौजीनं थोडंच ठरवलं होतं? मेजर परमेश्वरन यांना तिकडच्याच लढाईसाठी परमवीर चक्र मिळालं म्हणून ते नाव तरी लोकांना माहीत आहे. परवा १२ जानेवारीला, इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले. १९३१ सालची गोष्ट, पण सोलापूर विसरलेलं नाही. आणि फौजीच्या वाड्यातले नवे भाडेकरू काकूंना विचारतात, हा फोटो कुणाचा हो?

तर तेवढं नाव शोध आणि जवळून फोटो काढ. त्याचा सैन्यातला नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय, आडनावं सारखी असली तर उपयोगी पडेल. मोबाईलवर पाठवून भागणार नाही, काकूंना त्यात दिसत नाही. चांगली मोठी प्रिंट काढून आण, फ्रेमचं मी बघतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सोलापूरकर